एकाने बदलून पाहा

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली. त्यात पुरुष १३,४९,१०६ आणि स्त्रिया १२,३५,९४३. पुढची जनगणना २०२१ साली व्हायची होती, ती झाली नाही. त्यामुळे घरोघर जाऊन केलेल्या पूर्ण मोजणीचा बीडचा शेवटचा आकडा आजही हाच आहे. भाषणांत त्याचे ‘सुमारे २६ लाख’ होतात. व्यवहाराला ते पुरतेही. मला मात्र हा आकडा शेवटच्या नऊपर्यंत वाचायचा आहे: आधी बीड विसरून, निव्वळ एक मोठी पूर्ण संख्या म्हणून, आणि मग बीडच्या माणसांची मोजणी म्हणून. या दोन वाचनांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. ती ओळखायला एक साधी कसोटी आहे, आणि ती सातवीतल्या मुलालाही वापरता येईल.

पहिले वाचन करू. २५८५०४९ ही विषम संख्या. अंकांची बेरीज ३३, म्हणून ३ ने भाग जातो. ९ ने जात नाही. जिल्ह्यात तालुके ११, पण ११ ने भागले तर ५ उरतात. ३ ने भागल्यावर ८,६१,६८३ येतात. आता ७, १३, १७, १९ असे एकेका मूळ संख्येने भागत जायचे. बराच वेळ काहीच हाती लागत नाही. शंभराच्या आतली एकही मूळ संख्या चालत नाही, दोनशेच्या आतलीही नाही. चोपन्नावी मूळ संख्या २५१ आहे, तिथे बाकी शून्य येते: ८,६१,६८३ = २५१ × ३,४३३. आता ३,४३३ चे काय? इथे गणिताची एक सुरेख सोय आहे. ३,४३३ संयुक्त असती तर तिचा एखादा मूळ अवयव ५८ किंवा त्याहून लहान असता, कारण ५९ चा वर्गच ३,४८१ होतो. पण ५८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आपण आधीच वापरून पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या एकीनेही ८,६१,६८३ ला भाग गेला नव्हता. म्हणजे ३,४३३ मूळच. नव्याने एकही भागाकार न करता हे सिद्ध झाले.

तर २५८५०४९ = ३ × २५१ × ३४३३. तीन वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. क्रम सोडला तर ही फोड एकाच प्रकारे होते, दुसरी फोड संभवत नाही. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ सुद्धा याच वर्गातली आहे, कारण १७२९ = ७ × १३ × १९. केंब्रिजच्या गणितज्ञांनी कौतुकाने न्याहाळलेली संख्या आणि बीडच्या जनगणनेच्या तक्त्यातली संख्या गणिताच्या या खणात शेजारी शेजारी बसतात. संख्यांच्या जगात ना मागास जिल्हा असतो ना पुढारलेला.

आणखी एक जुने वर्गीकरण ग्रीकांचे आहे. संख्येचे तिच्याहून लहान असलेले सगळे विभाजक मिळवायचे. बेरीज संख्येइतकीच आली तर ती पूर्ण, कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल. ६ पूर्ण आहे (१ + २ + ३), २८ पूर्ण आहे, मग ४९६, मग ८१२८. आपल्या संख्येचे असे विभाजक सात: १, ३, २५१, ७५३, ३४३३, १०२९९ आणि ८६१६८३. त्यांची बेरीज ८,७६,४२३. संख्येच्या निम्म्यालाही पोचत नाही. म्हणजे बीडचा आकडा न्यून.

आता एक मिळवा.

जनगणनेचा क्षण ठरलेला होता: २८ फेब्रुवारी २०११ संपून १ मार्च सुरू होण्याची मध्यरात्र. त्या मध्यरात्रीआधी जन्मलेले मूल मोजणीत, नंतर जन्मलेले बाहेर. प्रगणक येऊन गेल्यावर झालेले जन्ममृत्यू टिपण्यासाठी १ ते ५ मार्चला पुन्हा फेरी होती. समजा, मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी जिल्ह्यात कुठे एक मूल जन्मले असेल, तेच दहा मिनिटे आधी जन्मले असते तर आकडा २५,८५,०५० झाला असता. या संख्येची फोड अशी: २ × ५ × ५ × १३ × ४१ × ९७. आधीच्या संख्येला स्वतःसह आठ विभाजक होते, हिला अठ्ठेचाळीस आहेत. स्वतःला वगळून त्यांची बेरीज २७,७३,९८२ येते, म्हणजे संख्येपेक्षा जास्त. एका बाळाने न्यूनची विपुल केली.

एवढ्यावर थांबत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (जन्म डहाणू, १९०५) यांनी ‘हर्षद’ नावाचा वर्ग सांगितला: ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद. २५८५०४९ च्या अंकांची बेरीज ३३. भागले तर बाकी २७. हर्षद नाही. २५८५०५० च्या अंकांची बेरीज २५. भागाकार १,०३,४०२, बाकी शून्य. हर्षद आहे.

हे सगळे मी जुळवून आणलेले नाही. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही पडताळून पाहावे. पण नेमक्या इथेच मोह होतो. न्यूनची विपुल, हर्षद नव्हती ती हर्षद, आणि तीही एका जन्माने! असे काही दिसले की मन लगेच अर्थ लावायला धावते. ही धाव जुनी आहे. इसवी सन १०० च्या सुमाराचा निकोमाकस हा गणिती न्यून आणि विपुल संख्यांना अवयव कमी असलेल्या किंवा जास्त असलेल्या प्राण्यांची उपमा देई आणि पूर्ण संख्येत सद्‌गुण पाही. आजही मोबाइलचा नंबर आणि गाडीचा नंबर बेरीज करून घेणारे, मुलाच्या नावात एक अक्षर वाढवणारे लोक आपल्या अवतीभवती आहेत. त्यांना वेडे म्हणून सोडून देऊन चालणार नाही. त्यांची चूक कुठे होते ते दाखवता आले पाहिजे. माझ्या मते चूक अशी: संख्येचा गुण तिने मोजलेल्या वस्तूला चिकटवला जातो.

ती पकडण्याची कसोटी ही. आकडा एकाने बदलून पाहा. बदलल्यावर जो गुण मोडून पडतो तो संख्येचा स्वतःचा. जो टिकतो तो, निदान शक्यता म्हणून, ज्या गावाची, ज्या माणसांची मोजणी आहे त्यांच्याविषयी काही सांगतो.

फोड मोडली, न्यूनत्व गेले, हर्षदपण आले. म्हणजे हे तिन्ही गुण बीडचे नव्हेत. आता दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती हे काढा: ९१६. त्या मध्यरात्रीचे बाळ मुलगी धरून मिळवा: तरी ९१६. शंभर मुली मिळवा, तरी ९१६ च. हा आकडा एकाने हलवायचा तर सुमारे साडेतेराशे स्त्रिया लागतील. लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २४२. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. एक माणूस आल्यागेल्याने तीही हलत नाही. हे गुण बीडचे आहेत. त्यांच्यामागे जमीन आहे, पाऊस आहे, लग्ने आहेत, दवाखाने आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे मुली: बीडमध्ये २००१ साली ८९४, २०११ साली ८०७. महाराष्ट्रात त्या वेळी सर्वांत कमी. कोणताही हस्तक्षेप नसेल तर जन्माला येणाऱ्या हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली येतात.

या दोन संख्यांवर कापरेकरांची क्रिया करून पाहू. तीन अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, चढत्या क्रमाने मांडायचे, मोठ्यातून लहान वजा करायचे आणि येईल त्या संख्येवर पुन्हा तेच. तीन अंकी संख्या (तिन्ही अंक सारखे नसले तर) शेवटी ४९५ वर येऊन थांबते. चार अंकी असेल तर ६१७४ वर. ८९४ घ्या: ९८४ वजा ४८९ = ४९५. एका पायरीत पोचली. ८०७ घ्या: ८७० वजा ०७८ = ७९२; मग ६९३; मग ५९४; मग ४९५. चार पायऱ्या. एका दशकात एका पायरीच्या चार झाल्या, म्हणून कोणी काही निष्कर्ष काढील का? काढला तर ८०८ घेऊन पाहावे: ८८० वजा ०८८ = ७९२, आणि पुढे तोच मार्ग. ८९५ घेतली तर ९८५ वजा ५८९ = ३९६, आणि ४९५ ला पोचायला आणखी पायऱ्या लागतात. एका घराने सरकले की पायऱ्या कधी तेवढ्याच राहतात, कधी वाढतात. मुलींच्या प्रमाणाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण ८९४ ची ८०७ झाली यातला ८७ चा फरक तसा नाही. तो ८६ असता किंवा ८८ असता तरी त्याने तीच गोष्ट सांगितली असती.

कापरेकरांच्या कामाबद्दल इथे थोडे थांबतो, कारण अशा कामावर एक मोठा आक्षेप आहे आणि तो टाळणे बरे नाही. इंग्रज गणितज्ञ हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अंकांच्या मांडणीवर अवलंबून असलेल्या गमतींना गंभीर गणित मानायला नकार दिला. त्यांचे उदाहरण होते ८७१२ आणि ९८०१: उलट लिहिलेल्या संख्येच्या अनुक्रमे चौपट आणि नऊपट भरणाऱ्या संख्या. आक्षेपात तथ्य आहे. २५८५०४९ ला २५१ ने भाग जातो हे दशमान पद्धतीत लिहा, द्विमान पद्धतीत लिहा किंवा गोट्या मांडून दाखवा, खरेच राहते. हर्षदपण मात्र आपल्या दहा बोटांनी ठरवलेल्या लेखनावर उभे आहे. पाया बदलला की तेही बदलू शकते. म्हणजे संख्येच्या गुणांतही दोन थर आहेत. काही खुद्द संख्येचे, काही तिच्या लिहिण्याचे.

तरीही मी या वादात कापरेकरांच्या बाजूने उभा राहतो. १९३० ते १९६२ इतका काळ देवळालीत शाळामास्तर असलेल्या या माणसाकडे विद्यापीठाची खुर्ची नव्हती. देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम पोरखेळ ठरवले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या स्तंभातून त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाला ६१७४ कळली. पण माझा मुद्दा त्यांना मिळालेल्या कीर्तीचा नाही. कापरेकरांच्या क्रियेला वजाबाकी येत असली की पुरते. तिला पाठ्यपुस्तक लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही. साखर कारखान्याच्या तळावर पालात बसलेली, शाळा अर्धी सुटलेली मुलगी जमिनीवर काडीने २०११ लिहून २११० वजा ०११२ करू शकते: १९९८, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. चार पायऱ्यांनंतर ती तिथे पोचते आणि पुन्हा तेच केले तरी ६१७४ च येते हे तिला स्वतःला दिसते. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. गणितातले पहिले ‘का?’ असल्याच जागी उगवते. हार्डींना ते शिखरावरून लहान दिसले असेल. पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलीला ती पहिली पायरी आहे.

बीडमध्ये गणिताचा विषय निघाला की भास्कराचार्य येतातच. त्यांनी आपले गाव ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे आणि ते म्हणजे बीड असे मानणारे बरेच आहेत. पण त्यांनी ते गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे म्हटले आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. मला हा दावा सोडून द्यावासा वाटतो. भास्कराचार्य बीडचे निघाले तर बीडच्या मुलांना गणित येईल असे नाही. त्यापेक्षा लीलावतीतली स्थाने त्यांना म्हणून दाखवता आली तर अधिक: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, असे थेट परार्धापर्यंत अठरा. २५८५०४९ मध्ये दोन प्रयुत, पाच लक्ष, आठ अयुत, पाच सहस्र, शतस्थानी शून्य, चार दश आणि नऊ. लीलावतीत मूळ संख्यांचे वेगळे प्रकरण नाही. आपल्या परंपरेचा ओढा कुट्टक आणि वर्गप्रकृतीसारख्या समीकरणांकडे होता. विभाजक शोधण्याचे स्वतंत्र प्रकरण नारायण पंडितांच्या १३५६ च्या गणितकौमुदीत आहे. अभिमान बाळगायचाच तर अशा नेमक्या गोष्टींचा बाळगावा.

आता दुसरे वाचन. मोजणी.

शेवटच्या नऊपर्यंत लिहिलेला आकडा पाहिला की तो शेवटच्या नऊपर्यंत खरा असावा असे वाटते. संख्या म्हणून तो अचूक आहेच. मोजणी म्हणून तसा असू शकत नाही, आणि बीडच्या बाबतीत याचे कारण नुसती मानवी चूक एवढेच नाही. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा होता की या संपूर्ण काळात जो आपल्या घरी नव्हता त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची. फेब्रुवारीत बीड कुठे असते हे जिल्ह्यातल्या कोणालाही विचारा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्यांच्या फडांवर. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या कितीतरी वस्त्यांत त्या वेळी म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुले तेवढी असतात. नियम पाळला गेला असेल तर बीडची पुष्कळ माणसे बीडच्या बाहेर मोजली गेली. पाळला गेला नसेल तर काही दोनदा मोजली गेली, काही एकदाही नाही. म्हणजे ज्या शेवटच्या नऊवर ती सगळी फोड उभी होती तो नऊ बीडच्या जमिनीवर पक्का नव्हता.

याच माणसांची मोजणी आणखी एका वहीत होते. मुकादमाच्या. तिथे एकक माणूस नाही, कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते, हिशेब कोयत्यावर होतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवरा तोडतो, बायको गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. वहीत तिची वेगळी ओळ नसते. जोडीतला निम्मा भाग म्हणून ती धरलेली असते आणि पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. मला या दोन वह्यांतला फरक फार मोठा वाटतो. जनगणना कितीही चुकली तरी तिचे तत्त्व असे आहे की प्रत्येक जीव एक, पूर्ण एक, अर्धा किंवा पाव नाही. पूर्ण संख्यांचे सगळे गणित याच अटीवर उभे आहे. मुकादमाची वही बाईला अपूर्णांक करते.

त्या अपूर्णांकाचे परिणामही मोजले गेले आहेत. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला तेव्हा शासनाने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे सहा जणींत एक. कसोटी लावा: एक कमी करा, शंभर कमी करा. सहात एक हे प्रमाण हलत नाही.

या कसोटीवर दोन हरकती येतात. पहिली: सार्वजनिक जीवनातही कधी कधी एकाने सगळे बदलते. ग्रामपंचायतीत एका मताने जागा जाते. समान मते पडली तर चिठ्ठी टाकावी लागते. बरोबर. पण तिथे मोजणी गावाचे वर्णन करत नसते, ती निर्णय देत असते, आणि निर्णयासाठी रेषा कुठेतरी आखावीच लागते. एका मताने निवडून आलेल्या सदस्याने ‘अवघे गाव माझ्या मागे आहे’ म्हटले की ती पुन्हा तीच गल्लत. दुसरी हरकत: आधार क्रमांक. बारा अंकी मोठी संख्या, पण ती काही मोजत नाही, ती नाव आहे. तिचा शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. डच गणिती फरहूफ यांनी १९६९ साली दिलेल्या रीतीने तो अशा तऱ्हेने काढतात की कुठलाही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर यंत्राला लगेच कळावे. इथे एकाने बदलल्यावर मोडणे हाच उपयोग आहे. बँकांचे बरेच गुप्त संदेशही संख्येच्या अशाच स्वतःच्या गुणावर, मोठ्या संख्येची फोड अवघड असण्यावर, विसंबतात: आपली सात अंकी संख्या चोपन्न मूळ संख्या तपासून फुटली, पण २५० अंकी एक नमुना संख्या फोडायला २०२० साली जगभरच्या संगणकांना मिळून संगणकाच्या एका गाभ्याची (कोअरची) सुमारे २,७०० वर्षे भरतील इतके काम करावे लागले. संख्येचा नाजूकपणा निरुपयोगी आहे असे मी म्हणतच नाही. तो संख्येचा आहे, एवढेच म्हणतो.

आता मुलींकडे परत यायला हवे, कारण या कसोटीला एक दुसरी बाजू आहे. ८०७ हा आकडा एका मुलीने हलत नाही. तो पक्का आहे म्हणूनच खरा आहे, आणि तो पक्का आहे म्हणूनच त्याच्याआड लपता येते. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा १९९४ पासून आहे. २०१२ च्या मे महिन्यात परळीत बेकायदा गर्भपात करताना एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा सारे राज्य हादरले आणि जिल्ह्याचे नाव या कारणाने देशभर गेले. पण ८९४ वरून ८०७ वर येणे हे एका दवाखान्याचे काम असू शकत नाही. प्रमाण एवढे घसरायला हजारो घरांत हजारो वेळा तोच निर्णय व्हावा लागतो. त्या प्रत्येक घरात कोणीतरी म्हणाले असेल: आमच्या एकीने काय फरक पडतो? प्रमाणापुरते हे गणित बरोबरही आहे. एकीने ८०७ बदलत नाही.

संख्या बदलते. २५८५०४९ आणि २५८५०५० यांच्यात १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही. लागोपाठच्या कोणत्याही दोन संख्यांचे असेच असते, त्या सहमूळ असतात. प्रमाणाच्या भाषेत नगण्य ठरणारी एक मुलगी पूर्ण संख्येच्या भाषेत सगळी फोड पालटून टाकते. हा काही शकुन नाही, आणि मी तसा वाचतही नाही. माझे म्हणणे इतकेच की आपल्याला दोन्ही भाषा यायला हव्यात. जिल्ह्याचा कारभार प्रमाणाच्या भाषेत चालतो आणि चालावा. पण ज्या समाजाला फक्त तीच भाषा येते त्याला एकटा जीव दिसेनासा होतो, आणि ज्याला फक्त दुसरी येते तो एका उदाहरणावरून जगाचा निवाडा करतो.

शाळेत आपण यांतली कुठलीच भाषा नीट शिकवत नाही. मूळ अवयव, मसावि आणि लसावि येतात, पण गणिते सोडवून गुण मिळवण्यापुरते. फोड एकमेव असते याचे नवल कोणाला वाटू दिले जात नाही. टक्केवारी आणि गुणोत्तर येते, पण नफ्या-तोट्याच्या व्यापाऱ्याला घेऊन. ८०७ हे गुणोत्तर बीडच्या कुठल्या वर्गात फळ्यावर मांडले जाते का, याची मला शंका आहे. मांडायला हवे. ज्या वर्गात तीस मुलगे आणि चोवीस मुली बसलेल्या आहेत त्या वर्गाला ते एका मिनिटात कळेल, कारण तीसमागे चोवीस म्हणजे हजारामागे ८००.

पुढची जनगणना जाहीर झाली आहे. तिचा क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र आहे, आणि माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच होणार आहे. त्या वेळी बीडचे कोयते पुन्हा फडावर असतील. जिल्हा प्रशासनाला, कारखान्यांना आणि ज्या जिल्ह्यांत या टोळ्या जातात तिथल्या प्रगणकांना माझी विनंती आहे: पालापालात जा, मुकादमाच्या वहीवरून आकडा उतरवून घेऊ नका. प्रत्येक बाईचे नाव विचारा, मांडीवरच्या मुलीचेही विचारा, आणि प्रत्येकीच्या पुढे पूर्ण एक लिहा.